सीपॅप लावून झोपतो पण पहाटे मास्क काढलेला असतो, पोट फुगतं, तोंड कोरडं पडतं... काय करावं?

अर्धवटझोप

नमस्कार मंडळी, सीपॅप (झोपेत घसा उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन) वापरणारे इथे बरेच जण दिसतात म्हणून विचारतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घोरणं तर वर्षानुवर्षं होतंच, पण मग बायको म्हणायला लागली की झोपेत तुमचा श्वास बंद पडतो आणि मग एकदम दचकल्यासारखे मोठ्ठा श्वास घेता, मला भीती वाटते. स्लीप स्टडी केली. एएचआय ३८ आला, म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडकतोय नाहीतर उथळ होतोय, आणि ३० च्या पुढे सिव्हियर धरतात. त्यामुळे पर्यायबिर्याय काही नाही, सरळ ऑटो सीपॅप, म्हणजे प्रेशर आपलं आपण कमीजास्त करणारं. मास्क नुसता नाकावर बसणारा आहे, तोंड मोकळं राहतं. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, मशीनमध्येच आहे. प्रेशर ४ ते २०, म्हणजे जसं खोक्यातून आलं तसंच.

आता तक्रारी ऐका. लाइट बंद करून आडवा झालो की सुरुवातीला हवा पुरतच नाही, छाती भरत नाही, मास्क ओरबाडून काढावासा वाटतो. ते कसंबसं निभावून झोप लागली तर मध्यरात्री जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली, घोटभर पाणी प्यायल्याशिवाय गिळता येत नाही. सकाळी पोट नगाऱ्यासारखं टणक आणि ढेकरांवर ढेकर. एक नाकपुडी कायम बंद. नाकाच्या हाडावर लाल वळ, ऑफिसात लोक विचारतात कुठे पडलात का. आणि सगळ्यात वैताग म्हणजे पहाटे उठतो तेव्हा मास्क उशीच्या पलीकडे असतो आणि तो कधी काढला ते मला अजिबात आठवत नाही. कधीकधी तर मशीनही बंद केलेलं असतं, तेही झोपेतच!

गंमत अशी की मोबाइलवरचं ॲप रोज शाबासकी देतंय. एएचआय ३ च्या आसपास, सगळं हिरवं. मग दुपारी मीटिंगमध्ये माझे डोळे का मिटतात?

डॉक्टरांची पुढची भेट लांब आहे. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो फोनवर एकच मंत्र सांगतो, स्ट्रॅप आवळा. आवळले, वळ आणखी खोल झाले आणि हवा आता डोळ्यात जाते. ओळखीतला एक जण म्हणतो नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घे, दुसरा म्हणतो तोंडाला टेप लाव. खरं सांगायचं तर गुंडाळून कपाटात ठेवावं इथपर्यंत विचार आलाय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

---

घोरासुर

कपाटात ठेवू नका हो. सुरुवातीला हे सगळं बहुतेकांना कमीजास्त होतं आणि नेमकं त्याच काळात लोक सोडतात.

माझ्या मते तुमच्या तक्रारी पाच-सहा दिसतात पण एकीतून दुसरी निघालीय. नाक बंद आहे तिथून सुरू करा. नाक बंद म्हणजे झोपेत तोंड उघडणार, नाकातून आत ढकललेली हवा तोंडातून भसाभसा बाहेर जाणार, जाताना जीभ-घसा सुकवून जाणार. शिवाय नाक अरुंद झालं की ऑटो मशीनला प्रवाह अडल्यासारखा दिसतो आणि ते प्रेशर वाढवत नेतं. प्रेशर वाढलं की काही हवा फुप्फुसाऐवजी अन्ननलिकेतून पोटात, म्हणजे तुमचा तो नगारा. आणि एवढ्या सगळ्या त्रासात हात आपोआप मास्ककडे जाणार नाही तर काय होणार.

तर नाकासाठी: झोपायच्या आधी सलाईनने नाक धुवा किंवा साधा सलाईन स्प्रे मारा. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे. त्याचा गुण पहिल्या रात्री दिसत नाही, आठवडा-दोन आठवडे रोज नेमाने मारावा लागतो, आणि मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याच बाजूच्या कानाकडे रोख धरून मारा, नाहीतर पडदा सुकतो आणि रक्त येतं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारलं की कोन आपोआप बरोबर येतो. मेडिकलमध्ये ते लगेच नाक उघडणारे थेंब मिळतात त्यांच्या नादी मात्र लागू नका, तीन-चार दिवसांवर गेले की थेंब उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि मग त्या थेंबांशिवाय झोपच येत नाही.

ह्युमिडिफायर कितीवर आहे ते लिहिलं नाहीत. तो एकेक आकड्याने वाढवत जा. गरम, ओली हवा मिळाली की नाकाची सूजही उतरते, नुसत्या कोरडेपणापुरती ती सोय नाही. फक्त खोली थंड असेल आणि आकडा फार वर नेला तर नळीत पाणी साठतं, रात्री गुडगुड आवाज येतो आणि मग नाकावर गार थेंब टपकून जाग येते. तसं झालं तर गरम होणारी नळी येते ती घ्या किंवा नळीवर कापडी कव्हर घाला, आणि मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी उलटं टाकीत जाईल. मशीन हलवायच्या आधी टाकी काढून रिकामी करायची हे विसरू नका, पाणी मोटरमध्ये गेलं की संपलं.

आता स्ट्रॅप. आवळा म्हणणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. आजकालच्या बहुतेक मास्कच्या कुशनला दोन थर असतात, आतला पातळ पडदा हवेने फुगून चेहऱ्यावर बसतो. आवळलं की तो पडदा चुरगळतो, मग लीक, म्हणजे कडेने हवा गळणं, कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आणि वर वळ फुकट. असं करा: झोपताना ज्या कुशीवर असता त्याच कुशीवर आडवे व्हा, मशीन चालू करा, स्ट्रॅप चांगले सैल करा, मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा, कुशन हवेने भरू द्या आणि मग हलकेच परत टेकवा. आता लीक असेल तरच, दोन्ही बाजू सारख्या, अगदी थोडंथोडं ओढत या. हे आरशासमोर उभं राहून करण्यात काही अर्थ नाही कारण आडवं झालं की गाल आणि जबडा सरकतात. बऱ्याच मशीनमध्ये मास्क फिट नावाची टेस्ट असते, ती काही वेळ जोरात हवा सोडते, तेव्हा तपासा.

आणि हो, चेहरा धुऊन मगच मास्क. चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन घसरतं. रात्रीचं क्रीम लावत असाल तर मास्कच्या कडेखाली नको. कुशन रोज सकाळी सौम्य साबणाने, नळी आणि टाकी आठवड्यातून एकदा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर. लोक उकळलेलं पाणी घालतात, उकळल्याने जंतू मरतात पण क्षार तिथेच राहतात, तो पांढरा थर त्यानेच चढतो.

---

उशीवाली

मी स्वतः वापरत नाही, आमचे हे वापरतात, त्यामुळे शेजारच्या उशीवरून जे दिसतं ते लिहिते.

दादा, झोपेत मास्क काढणं आमच्याकडेही होतं आणि मी जागी असताना ते बघितलंय म्हणून सांगते, माणूस खरंच झोपेत असतो. आधी पाय हलायला लागतात, मग मास्कच्या कडेने शिट्टीसारखा आवाज, मग हात चेहऱ्यावर फिरतो आणि सटकन मास्क बाहेर. सकाळी विचारलं तर "मी? छे!" म्हणजे आधी लीक सुरू होतो आणि मग मास्क निघतो, निदान आमच्याकडे तरी. वहिनींना विचारा त्यांना काही आवाज येतो का आधी. मशीनमध्ये मास्क निघाल्याची सूचना देणारा अलार्म असतो काही मॉडेलमध्ये, तो लावून बघता येईल पण आमच्याकडे त्याने माझीच झोप उडायची, तो बंद केला.

आमच्याकडे फरक पडला तो नळीने. नळी पलंगाच्या कडेवरून लोंबायची आणि कूस बदलली की मास्क ओढला जायचा. आता ती डोक्याच्या वरून येते, पलंगाच्या मागे एक हुक लावलाय, कुठल्याही कुशीवर वळलं तरी ढील राहते. कुशीवर झोपणाऱ्याची उशी जाड असेल तर तीच मास्क एका बाजूने उचलते हेही बघा, कडेला खाच असलेली उशी मिळते नाहीतर पातळ उशी घ्या आणि चेहरा जरा कडेबाहेर ठेवा.

दिवसा सवय करणं हा दुसरा मुद्दा. ह्यांना मास्क लावला की कोंडल्यासारखं व्हायचं, घाम फुटायचा. मग संध्याकाळी टीव्ही बघताना नुसता मास्क, मशीनशिवाय, हातात धरून. मग स्ट्रॅप लावून. मग हवा चालू करून. झोपायचं नाहीच, फक्त बसायचं. हे लहान मुलांसारखं वाटतं पण मेंदूला कळतं की ह्या वस्तूने जीव जात नाही. आणि घाबरं झालं तर लगेच काढायला येतो हे हाताला माहीत असू दे, एका हाताने नळी पटकन सुटते तो जोड कुठे आहे ते अंधारात चाचपून ठेवा.

वळांसाठी मास्कच्या कडेला लावायचे कापडी लायनर येतात. पण घोरासुर म्हणतात तसं आधी सैल करून बघा.

---

तिरपी_मान

मी टेपवाल्यांपैकी. तोंड कोरडं पडणं एका रात्रीत थांबलं. फुल फेस मास्क आधी वापरून बघितला होता, कुशन मोठी त्यामुळे लीकला जागा जास्त, आणि तो हनुवटीला मागे ढकलतो असं मला वाटायचं. टेपने काम भागतं, उगाच बाऊ करतात लोक.

चिनस्ट्रॅपचा, म्हणजे हनुवटी वर धरणाऱ्या पट्ट्याचा, मला काडीचा उपयोग झाला नाही. जबडा वर राहतो पण ओठ फुरफुरतातच.

---

रात्रपाळी_लॅब

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रात्री लोकांना तारा लावून झोपवायचं आणि पडद्यावर त्यांचा श्वास बघत बसायचं हे काम. डॉक्टर नाही हे आधीच सांगते, सेटिंगचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण अर्धवटझोप, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट आहे जी वर कोणी पकडली नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तुमचं ॲप खोटं बोलत नाहीये, त्याला अर्धीच रात्र माहीत आहे. मशीन एएचआय मोजतं तो फक्त मास्क चेहऱ्यावर असतानाचा. तीनला मास्क निघाला तर तीननंतर काय झालं ते त्या ३ मध्ये नाहीच, तिथून पुढे तुम्ही परत ३८ वाले. आणि तीननंतरच रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, जास्त असते, रात्रीच्या उत्तरार्धात तिचे टप्पे लांबत जातात. रेममध्ये स्नायू सगळ्यात ढिले पडतात त्यामुळे घसा बंद होण्याचे प्रकार बऱ्याच लोकांत तेव्हाच सर्वात लांब आणि ऑक्सिजन सर्वात खाली. म्हणजे जी वेळ सांभाळायची तीच उघडी पडतेय. दुपारी डोळे मिटणारच. ॲपमध्ये एएचआय बघायच्या आधी वापराचे तास बघा. आणि लीकचा आकडा. मोठा लीक असेल त्या वेळात मशीनला श्वास नीट दिसत नाही, तेव्हाचा स्कोअर धरू नये. रेसमेड कंपनीची मशीनं मिनिटाला २४ लिटरच्या वर गेलं की मोठा लीक धरतात. दुसऱ्या काही कंपन्या मास्कच्या भोकांमधून मुद्दाम सोडलेली हवाही त्यात मिळवून दाखवतात त्यामुळे दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

आता सुरुवातीचं गुदमरणं. ४ हे मशीनचं सगळ्यात खालचं प्रेशर, पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. मोठ्या माणसाला ४ वर हवा कमी पडल्यासारखी वाटणं फार कॉमन आहे, शिवाय मास्कच्या भोकांमधून उच्छ्वासाची हवा धुऊन बाहेर जायला मागून जोर लागतो तो ४ वर कमीच असतो. लोकांना वाटतं गुदमरतंय म्हणजे प्रेशर जास्त आहे, ते आणखी कमी करायला सांगतात, असतं नेमकं उलटं. ४ ते २० उघडं ठेवण्यात दुसरीही भानगड आहे. तुम्हाला समजा ९ लागत असेल तर मशीन ४ वरून चढत चढत जातं, तोवर श्वास अडकून तुम्ही अर्धवट जागे होता, मग ते चढतं, मग खाली येतं, परत तेच. डॉक्टरांना सांगा की रिपोर्टमधलं ९५ टक्क्यांचं प्रेशर (९५ टक्के वेळ मशीन ज्याच्या वर गेलं नाही ते) आणि मधलं प्रेशर बघून खालची मर्यादा वर आणता येईल का आणि वरची २० वर मोकळी सोडायची गरज आहे का. पुष्कळ ठिकाणी हे दुरूनच बदलता येतं, मशीनमध्ये सिम असतं, भेटीची वाट बघायला नको, फोन करा किंवा मेल टाका.

श्वास सोडताना प्रेशर कमी करणारी सोय असते, रेसमेडमध्ये तिला ईपीआर म्हणतात, १ ते ३. पोट फुगण्यावर आणि श्वास सोडायला जड जाण्यावर ती बरी. पण ४ च्या खाली मशीन जात नाही त्यामुळे तुम्ही ४ वर असताना ईपीआर ३ लावा नाहीतर ३० लावा, काही फरक जाणवणार नाही. खालची मर्यादा ७ केली तर ईपीआर ३ पूर्ण मिळतो, ७ वर श्वास घ्यायचा आणि ४ वर सोडायचा. हे दोन्ही म्हणून एकत्रच विचारा, कारण ईपीआर वाढवला की काहींना मूळ प्रेशर थोडं चढवावं लागतं.

तिरपी_मान, टेपबद्दल तुमच्याशी थोडं भांडायचंय. ज्याचं नाक रात्रभर मोकळं असतं त्याला चालून जात असेल. ह्यांची एक नाकपुडी कायम बंद आहे, पोटात हवा जाऊन ढेकरा येतायत, ॲसिड वर येण्याचा त्रास असेल तर माहीत नाही. झोपेत उलटी झाली, लाइट गेली आणि मशीन बंद पडलं, नाक पूर्ण चोंदलं, अशा वेळी तोंड मोकळं असलेलं बरं. आधी नाक, मग बाकीचं. फुल फेसबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, पहिला मास्क शक्यतो नाकाचाच द्यावा असंच धोरण असतं, फुल फेसला बहुतेकदा प्रेशर जास्त लागतं आणि लीकही जास्त. ज्यांचं नाक औषधानेही उघडत नाही, पडदा फारच वाकडा आहे, त्यांना तो लागतो, त्यात कमीपणा काही नाही.

मास्कवरून आठवलं, फुल फेस किंवा दुसरा कुठला मास्क घेतलात आणि त्याच्या क्लिपा मॅग्नेटच्या असल्या तर घरात कोणाला पेसमेकर, डोक्यात धातूची क्लिप किंवा शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी) असं काही आहे का ते बघा, तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्यालाही. १५ सेंटिमीटरच्या आत तो मॅग्नेट नको. साध्या हुकवाले मास्क मिळतात. उरलेल्यांना काही धोका नाही.

---

अर्धवटझोप

अर्धी रात्र! हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता ॲप उघडून बघितलं, वापराचे तास चारच्या आगेमागे आहेत आणि मी सात तास झोपतो. वर हिरवं चिन्ह आहे म्हणून खाली बघतंय कोण.

काही प्रश्न: ह्युमिडिफायर ऑटोवर होता, हाताने वाढवू का? दुसरं, पोट. प्रेशर वाढवलं की हवा पोटात जास्त जाते असं घोरासुर म्हणतात आणि रात्रपाळी म्हणतात खालची मर्यादा वाढवून घ्या, मग पोट आणखी फुगणार नाही का? माझा गोंधळ उडालाय. तिसरं म्हणजे नाक बाजूने चोंदतं ते रोज एकाच बाजूने नाही, ज्या कुशीवर झोपतो ती खालची नाकपुडी बंद. ॲसिडिटीचा त्रास आहे, हो, रात्री उशिरा जेवण होतं.

उशीवाली वहिनी म्हणाल्या तो शिट्टीचा आवाज माझ्या बायकोला येतो! ती म्हणे मला वाटलं मशीनच तसं वाजतं.

---

रात्रपाळी_लॅब

गोंधळ रास्त आहे. पोट फुगतं ते वरच्या टोकाच्या प्रेशरने, म्हणजे रात्री १३-१४ पर्यंत चढतं तेव्हा. खालची मर्यादा नीट असेल तर घसा आधीपासूनच उघडा राहतो आणि मशीनला एवढं वर पळावं लागत नाही, निदान बऱ्याच जणांचं तसं होतं. नाक मोकळं आणि लीक कमी असेल तर आणखीच कमी पळतं. तरीही वर जात असेल तर वरची मर्यादा थोडी खाली आणून थोडे जास्त इव्हेंट (श्वास अडकण्याचे प्रसंग) सहन करायचे की काय, हा हिशोब डॉक्टर करतील. अगदीच नाही जमलं तर बायपॅप असतं, श्वास घेताना आणि सोडताना दोन वेगळी प्रेशर, पण तिथवर बहुतेकांना जावं लागत नाही.

ॲसिडिटी आहे म्हटल्यावर बरंच उलगडतं. अन्ननलिकेच्या खालची झडप आधीच ढिली असेल तर हवेला वाट सोपी. जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू उचला (उशांवर उशा नको, त्याने मान वाकते आणि घसा आणखी चेपतो, पाचरीच्या आकाराची गादी किंवा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे), आणि डाव्या कुशीवर झोपा. डावी कूस ॲसिडला बरी आणि पाठीवर झोपण्यापेक्षा श्वासालाही. दारू किंवा झोपेची गोळी असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला, घसा त्यांनीही ढिला पडतो.

खालची नाकपुडी बंद होणं हे नैसर्गिक आहे, आडवं झालं की त्या बाजूला रक्त उतरतं. सूज असलेल्या नाकात ते जास्त जाणवतं इतकंच. ह्युमिडिफायर हाताने वाढवा, हो.

पण एक विनंती, हे सगळं एका रात्रीत करू नका. स्प्रे, नवी उशी, ह्युमिडिफायर, स्ट्रॅप, प्रेशर सगळं एकदम बदललं आणि बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कळणार नाही, आणि बिघडलं तर आणखीच पंचाईत. एक बदल, चार-पाच रात्री, मग दुसरा. स्ट्रॅप आणि स्प्रे एकत्र चालतील.

---

घोरासुर

आकडे बघायची आवड असेल तर ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मशीनमधलं एसडी कार्ड काढायचं, कॉम्प्युटरला लावायच्या आधी त्याच्या कडेचं लॉकचं बटण सरकवायचं, आणि मग मिनिटामिनिटाला प्रेशर किती, लीक किती, श्वास कधी अडकला सगळं दिसतं. तीनला मास्क निघाला तर त्याच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं मोठी करून बघा. लीक आधी चढला की प्रेशर आधी चढलं, ते तिथे कळेल. सगळी मशीनं त्यात चालत नाहीत आणि त्यावरून स्वतःच डॉक्टर व्हायचं नाही, पण फोनवर "त्रास होतो" म्हणण्यापेक्षा तो फोटो पाठवलात तर पलीकडचा माणूस लक्ष देतो.

अवांतर: ते ओझोनने मास्क साफ करायचे डबे दिसतात जाहिरातीत, त्यात पडू नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये त्याविरुद्ध सावध केलं होतं, ओझोनने फुप्फुसाला त्रास होतो. आणि कोणी जुनं वापरलेलं मशीन स्वस्तात देत असेल तर २०२१ चा फिलिप्सचा रिकॉल आठवा, आतला आवाज दाबणारा फोम झडत होता. सिरियल नंबर तपासल्याशिवाय घ्यायचं नाही.

---

तिरपी_मान

टेपबद्दल रात्रपाळी यांचं म्हणणं मान्य, माझं नाक मोकळं असतं. लाइट जाण्याचा मुद्दा मात्र विचार करायला लावणारा आहे.

---

अर्धवटझोप

अपडेट देतो. स्ट्रॅप सैल करून आडवं होऊन बसवला, शिट्टी थांबली, हे एवढं साधं होतं याचा रागच आला. वळ फिके पडलेत. क्लिनिकला मेल टाकली होती, त्यांनी रिपोर्ट बघून दुरूनच प्रेशर ७ ते १३ केलं आणि ईपीआर ३. पहिल्याच रात्री आडवं झाल्यावर छाती भरून श्वास आला. पोट अजून फुगतं पण टणक नाही, जेवण लवकर करायचं घरातल्या घरातच अवघड चाललंय. तोंड अजून सुकतं. मास्क काही रात्री सकाळपर्यंत राहतो, काही रात्री पाचच्या सुमारास निघतो.

नाकाचा स्प्रे आत्ताच सुरू केलाय. रिपोर्टमध्ये एक नवीन गोष्ट दिसली, सेंट्रल म्हणून थोडे इव्हेंट आहेत, आधी नव्हते. घाबरायचं का?

---

रात्रपाळी_लॅब

घाबरू नका पण नजर ठेवा. सेंट्रल म्हणजे घसा उघडा आहे पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच क्षणभर आला नाही. सीपॅप नवीन असताना किंवा प्रेशर बदलल्यावर काही जणांत हे दिसतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं काही आठवडे ते महिन्यांत आपोआप कमी होतं. शिवाय झोपेत कूस बदलताना माणूस श्वास रोखतो तोही मशीन सेंट्रल म्हणून टिपतं. तासाला एक-दोन असतील तर सोडून द्या. पाचच्या वर जाऊन तिथेच राहिले, किंवा तुम्हाला हृदयाचा त्रास असेल, किंवा ओपिऑइड गटातली दुखण्याची औषधं चालू असतील, तर मात्र भेटीची वाट न बघता कळवा. तेव्हा ईपीआर कमी करून बघतात कधीकधी.

तोंडासाठी स्प्रेला दोन आठवडे द्या. त्यानंतरही सुकत असेल तर चिनस्ट्रॅप, तिरपी_मानना नाही चालला तरी काहींना चालतो, आणि त्यानेही नाही तर फुल फेस. नाकाची सूज तरीही तशीच राहिली तर कान-नाक-घसावाल्यांना एकदा पडदा दाखवून घ्या. आणि दुपारची झोप पूर्ण जाईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या.

---

उशीवाली

पाचला निघाला आणि जाग आली तर परत लावा दादा, "आता काय राहिलंय, तासभर" म्हणून सोडू नका, आमच्याकडे ह्याच वाक्यावरून रोज वाद व्हायचे. मास्क उशीपाशीच ठेवा, खाली पडला तर शोधायला लाइट लावावा लागतो आणि मग झोप गेलीच.